योगेंद्रचे दोन दात

अभिमन पाटील जळगावात दात बनवतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टर खराब झालेला दात घासून बारीक करतात, त्याचं माप घेतात, आणि ते माप मेहरूणमधल्या एका लॅबमध्ये येतं. तिथे अभिमन त्यावर बसणारी कॅप तयार करतो. चिनी मातीसारखी पांढरी पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचं, घासायचं आणि परत भाजायचं. लग्नाच्या आधीपासून तो हेच करत आलाय.

या कामाने त्याला एक खोड लागली होती. कुणी बोलायला लागलं की त्याची नजर थेट समोरच्याच्या दातांवर जायची. त्याची बायको दिपमाला म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा दातच बघून गेलात. माझे डोळे कसे आहेत ते लग्नानंतर कळलं तुम्हाला."

त्याचं मूळ गाव सोनगीर. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ योगेंद्र तेव्हा पाळण्यात होता. आई ताईबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि योगेंद्रला अभिमनच सांभाळायचा. त्यामुळे तो भाऊ कमी आणि पोरगाच जास्त होता. वाढलाही तसाच, मोकळा, बडबड्या, प्रत्येक गोष्टीवर हसणारा. पुढे तो सुरतेला साडीच्या कारखान्यात लागला. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा, तेव्हा आधी जळगावला भावाकडे उतरायचा आणि मग आईकडे जायचा.

एकदा गावात कबड्डी खेळताना कुणाचा तरी गुडघा त्याच्या तोंडावर बसला आणि वरचे समोरचे दोन दात अर्ध्यातून तुटले. योगेंद्र हसायचाच बंद झाला. तोंडावर रुमाल धरून बोलायचा. त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं, तेही त्याने थांबवलं. अभिमनने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून दात घासून घेतले, माप घेतलं आणि कॅप स्वतः बनवायला बसला.

"भाऊ, हीरोना सारखा पांढराफेक करी दे," योगेंद्र म्हणाला.

"बाकीचे दात तुझे तसे आहेत का? उगाच दोन दिवे लावल्यासारखे दिसतील."

लहानपणी प्यायलेल्या पाण्यामुळे योगेंद्रच्या दातांवर पांढरट, ढगासारखे डाग होते आणि कडांना किंचित पिवळसर झाक होती. अभिमनने त्याला खिडकीत उजेडाला बसवलं, कितीतरी वेळ बघितलं आणि तेच डाग नव्या दातांत उतरवले. डाव्या दातावर एक आडवा ढग आणि उजव्यावर खाली एक ठिपका. कॅप बसल्यावर योगेंद्रने आरसा हातात घेतला आणि ओरडलाच, "फुकट करून घेतलं म्हणून डागवाले दिले का रे मला?" पण बोलता बोलता तो हसत होता. अगदी पूर्वीसारखं, सगळं तोंड उघडून. कुठले दात खरे आणि कुठले बनवलेले, हे दिपमालाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर योगेंद्र सुरतेला परत निघाला. दोन दिवस जळगावला राहिला आणि संध्याकाळच्या खाजगी बसमध्ये बसला. बस सुटल्यावर त्याने आईला फोन केला की धुळ्याला मित्राकडे उतरायचा विचार आहे, जमलं तर उद्या तुझ्याकडे चक्कर टाकतो.

सकाळी बातमी आली. धुळ्याच्या पुढे बसला ट्रकने धडक दिली होती आणि बस पेटली होती. बरेच जण काचा फोडून बाहेर पडले, काही आतच राहिले. योगेंद्रचा फोन लागत नव्हता. जखमींत त्याचं नाव नव्हतं.

"तो धुयाले उतरी गया व्हई," ताईबाई फोनवर एवढंच म्हणत राहिली.

अभिमन धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचला तेव्हा तिथे नातेवाइकांची गर्दी होती. आईलाही गावातल्या कुणीतरी आणलं होतं. तिचं रक्त तपासणीला घेतलं. शवागारातले डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण प्रत्येकाशी हळू बोलत होते. त्यांनी अभिमनला बाजूला घेतलं.

"चेहरे ओळखू येण्यासारखे नाहीत, भाऊ. तुम्ही बघू नका. डीएनएचा रिपोर्ट आला की सगळं कळेल."

"चेहरा नको," अभिमन म्हणाला. "फक्त दात दाखवा. माझ्या भावाच्या समोरच्या दोन कॅप मी बनवल्यात."

डॉक्टरांनी आईला बाहेरच थांबवायला सांगितलं आणि त्याला आत नेलं. बाकी सगळ्यावर चादर होती. पहिला तो नव्हता. दुसराही नव्हता. अभिमनला वाटलं, खरंच धुळ्याला उतरला असेल. पुढच्या चादरीपाशी डॉक्टरांनी ओल्या कापसाने काजळी पुसली. एक कॅप जागेवर होती. दुसरी निखळली होती, ती त्यांनी छोट्या पिशवीत ठेवली होती. त्यांनी ती काढून अभिमनच्या तळहातावर ठेवली.

डाव्या दातावरचा तो आडवा ढग. ब्रशच्या टोकाने ओढलेला, जसाच्या तसा. आग लागली तरी त्याला काही झालं नव्हतं. ती वस्तू भट्टीतूनच निघालेली होती.

"तुमचंच काम आहे का हे?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने मान हलवली. मग तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या डोक्यात एकच येत होतं. योगू म्हणत होता तसे पांढरेफेक केले असते तर हे कुणाचेही असते. मला आज काही कळलंच नसतं.

डॉक्टरांनी ओळख पटल्याचं लिहून घेतलं. देह मात्र रिपोर्ट आल्यावरच मिळणार होता. अभिमन तोंड धुऊन बाहेर आला. आईला कसं सांगायचं, याची वाक्यं तो मनात जुळवत होता. पण तो काही बोलायच्या आत ताईबाईच बाकावरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रिपोर्ट येस नही तोवर कोणी रडानं नही. मना पोऱ्या येई."

अभिमनने तिला धरून परत बाकावर बसवलं.

त्या दिवशी सांगितलं नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. दिपमालाला त्याने सगळं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "आईंना सांगा. त्या एकट्याच वाट बघत बसल्यात." तो हो म्हणायचा, सोनगीरला जायचा, आईच्या समोर बसायचा आणि परत यायचा. ताईबाई योगेंद्रचा शर्ट धुऊन इस्त्रीला देत होती. शेजारी पुष्पाबाई भेटायला आली तर तिला सांगत होती, रागावून कुठे गेला असेल, त्याचा स्वभावच तसा आहे. योगेंद्रचा तसा स्वभाव कधीच नव्हता.

मग पुष्पाबाईचाच फोन आला. "भाऊ, तुमची आई रोज सकाळी गाडी धरून धुळ्याला जाते. स्टँडवर बसून राहते, संध्याकाळी येते. तुम्ही बघा जरा."

अभिमन धुळ्याच्या एसटी स्टँडवर गेला. सुरतेच्या गाड्या लागतात तिथे, खांबाला टेकून ताईबाई बसली होती. मांडीवर डबा होता. गाडी आली की ती उठायची, उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघायची आणि पुन्हा बसायची. तो लांबून दोन गाड्या जाईपर्यंत बघत राहिला. मग तिच्या शेजारी जाऊन बसला.

"आई, योगू यायचा नाही," तो म्हणाला. "मी त्या दिवशी बघितलं. तोच होता."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. डब्याचं झाकण घट्ट बसवत राहिली.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "तू आतून ऊना, तव्हयच माले समजनं. तू कोणाच्याच तोंडाकडे देखत नव्हता."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"मी मुद्दाम इचारं नही. तू सांगशी तं खरं व्हई जाई ना, बेटा."

समोर गाडी लागली, माणसं उतरली, तरी ती उठली नाही. मग तिने विचारलं, "तेना दात काया पडनात का?"

"नाही आई. पुसल्यावर होते तसेच निघाले."

तेवढ्यावर ती रडली. स्टँडवरच्या गर्दीत, पदर तोंडात कोंबून, आवाज दाबून रडली. अभिमनने तिला धरलं. इतके दिवस त्यालाही रडता आलं नव्हतं.

रिपोर्ट आला तो त्याने सांगितलं तेच सांगणारा होता. सोनगीरला गर्दी झाली. निखळलेली ती कॅप डॉक्टरांनी देहासोबतच दिली होती आणि अभिमनने ती तशीच चितेवर ठेवली. तिसऱ्या दिवशी राख सावडताना दोन्ही कॅप हाताला लागल्या. त्याने त्या मुठीत घेतल्या आणि खिशाकडे हात नेला. भावाचं तेवढंच तर उरलं होतं.

ताईबाईने ते पाहिलं. "तेना शेतस ते," ती म्हणाली. "तेले दी टाक. तिकडे हसाले लागतीन तेले."

त्याने त्या अस्थींच्या मडक्यात ठेवल्या. दुपारी तापीला गेले. पाणी संथ होतं. अस्थी सोडल्या, मडकं फोडलं, तरी अभिमन गुडघाभर पाण्यात उभाच राहिला. शेवटी ताईबाई काठावरून खाली आली आणि त्याचं मनगट धरून, लहान पोराला आणावं तसं त्याला बाहेर घेऊन आली.