ओवीची दाढ आणि बाकावरची मंडळी

रामदासपेठेतल्या थेरपी सेंटरबाहेर एक लांब बाक आहे. पोरं पंचेचाळीस मिनिटं आत, आई-बाप पंचेचाळीस मिनिटं बाहेर. आठवड्यातून तीन दिवस, चार वर्षं! किस्से साचणार नाहीत तर काय होणार?

आमच्या मुलांना ऑटिझम आहे. त्यामुळे डॉक्टर, सर्टिफिकेट आणि शाळा यांच्यामागे पळणं हेच आमचं मुख्य काम. मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर सुपरवायझर आहे, पण बाकावर माझी ओळख एकच, ओवीचे बाबा. ओवी सात वर्षांची, मोजकंच बोलते. या उन्हाळ्यात तिची दाढ किडली आणि ती कुठल्याच डॉक्टरला तोंडात बघू देईना. त्या दाढेकडे येतोच, पण आधी बाकावरच्या मंडळींचे किस्से ऐका.

* * *

ओवी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून डॉक्टर गाठायचं ठरवलं. माझी आई आडवी आली. "काही नाही होत पोट्टीले! तिचा बाप चार वर्षाचा झाला तवा बोलला!"

हे मी बाकावर सांगितलं, तर खोब्रागडेताई म्हणाल्या, "आन् तवापासून थांबलाच नाही नं, बाप्पा!"

* * *

या ताईंचा अनिकेत बारा वर्षांचा. दिव्यांग सर्टिफिकेटसाठी त्या त्याला घेऊन चौथ्यांदा सरकारी ऑफिसात गेल्या. बाबू म्हणाला, "पोरगा तर चांगला दिसते! याले काय झालं?"

ताई कागद काढेपर्यंत अनिकेतने टेबलावरचे सगळे रबरी शिक्के उंचीप्रमाणे लावले. बाबूने एक उचलला, अनिकेतने हातातून घेऊन जागेवर ठेवला. दुसरा उचलला, तोही जागेवर. तिसऱ्यांदा बाबू घामाघूम. "ताई, तुमचं काम पहिले करून देतो, पण याले सांगा, मले एक शिक्का मारू दे!"

* * *

मिहानमध्ये आयटीत असलेले वानखेडे साहेब मुलाच्या चिडचिडीची एक्सेल शीट ठेवतात. वार, वेळ, कारण, सगळं! तीन महिन्यांनी त्यांनी ग्राफ काढून बाकावर लॅपटॉप उघडला. चेहरा पडलेला.

"काय निघालं साहेब?"

"सगळ्यात जास्त चिडचिड रविवारी. मी घरी असतो तेव्हा!"

* * *

आता दाढ. दुखतंय हे ओवीला सांगता येत नाही. ती नुसती गालावर थापटत राहायची, आणि पातळ वरणाशिवाय काही गिळत नव्हती. पहिल्या दवाखान्यात खुर्ची हलली तशी ती पळाली, थेट लिफ्टमध्ये. दुसऱ्या डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "दाढ काढायला पूर्ण भूल लागेल, मोठ्या हॉस्पिटलला जा." तिथली तारीख महिन्यानंतरची! महिनाभर पोरगी खाणार काय? गोडाऊनवर चारचौघांत मला रडू आलं. सांगायला लाज नाही वाटत.

हे बाकावर सांगितलं, तर ताईंनी मनावर घेतलं. "रडून का होते गा भाऊ? तालीम करू!"

पुढे काय होणार ते आधी दिसलं की आमच्या मुलांची निम्मी भीती जाते. म्हणून फोटो काढायचे ठरले. ताई डॉक्टर, हातात चमचा आणि मोबाइलचा टॉर्च. मी पेशंट, खुर्ची समजून बाकावर आडवा. फोटो एक, बाबा खुर्चीत. दोन, मोठा आ. तीन, सुई. चार, दाढ बाहेर. पाच, बक्षीस म्हणून लिफ्टची चक्कर.

तेवढ्यात कुरिअरवाला आला. "भैया को क्या हुआ?"

वानखेडे साहेब म्हणाले, "कुछ नहीं, क्लायंट डेमो चालू है!"

* * *

दहा दिवस ओवीने रोज ते फोटो बघितले. मग मी आणि बायको तिला घेऊन तिसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. ओवी खुर्चीपाशी थांबली, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पहिले बाबा."

"बसा बाबा," मॅडम म्हणाल्या. मी हसत बसलो, मोठा आ केला.

"अहो, तुमची तर हिच्यापेक्षा जास्त किडली आहे! काढावीच लागेल."

"मॅडम, माझं नंतर बघू, आज हिची..."

"पहिले बाबा!" ओवीचा आवाज चढला, पाय दाराकडे वळले.

बायको दात-ओठ खाऊन म्हणाली, "बसा गुपचूप!"

बीपी-शुगर विचारून झाली. सुई बघून माझा हात वर गेला, तर ओवीने तो दोन्ही हातांनी दाबला. "हात खाली." दाढ निघेपर्यंत तिने सोडला नाही.

मी तोंडात कापूस घेऊन उतरलो. ओवी आपल्या पायांनी खुर्चीत चढली आणि तिने आ केला. सुईला डोळे घट्ट मिटले, एकदा "ऊं" केलं. दाढ बाहेर! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी ढसाढसा रडत होतो, कापसासकट.

ओवी खुर्चीतून उतरली, फोटो हातात घेतले, सीटवर थाप मारली आणि म्हणाली,

"आता आई."

मी वळून पाहिलं, तर आमची ही लिफ्टमध्ये!