गळक्या डिकीचा आळ

जळोचीत ताईबाई लोंढ्यांचा राग माहीत नसलेला माणूस शोधायचा, तर कालच राहायला आलेला भाडेकरू गाठावा लागे. आणि त्यालाही संध्याकाळपर्यंत कुणीतरी सावध केलेलं असेच. राग म्हणजे उगाच आदळआपट नव्हे हं. ताईबाई भांडायच्या ते न्यायाचं. दळणात मूठभर पीठ कमी आलं तर गिरणीवाल्याला सोडायच्या नाहीत, आणि मूठभर जास्त आलं तरी सोडायच्या नाहीत. दुसऱ्या बाईचं पीठ माझ्या डब्यात आलंच कसं, याचा निकाल तिथंच उभ्याउभ्या लावायच्या. अशा बाईवर शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात आळ आला, आणि तोही कसला, तर तेल सांडल्याचा.

आळ सांगायचा तर आधी गाडी सांगायला हवी, आणि गाडी सांगायची तर तिचे मालक. गंगाराम लोंढे म्हणजे ताईबाईंचे कारभारी. वालचंदनगरच्या कारखान्यात पंपावर फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे सगळी दुनिया त्यांना मिस्त्रीच म्हणे. रिटायर होऊन जळोचीत घर बांधलं आणि मागोमाग इंदापूरच्या एका डॉक्टरची जुनी इस्टेट गाडी दारात आणून उभी केली. लांबलचक गाडी. मागचं दार वर उघडायचं, आणि आतली डिकी एवढी ऐसपैस की चार पोती आणि वर एक रुसलेला जावई सहज मावावा. शेजारच्या झुंबरनं पहिल्याच दिवशी विचारलं, की आबा, एवढ्या लांब गाडीत पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू येतं का. मिस्त्रींना ते कौतुकच वाटलं.

आता मिस्त्रींचा एक नेम होता. जुनं मशीन हाती आलं की आधी त्याचं पॅकिंग बदलायचं. पंपाचा दांडा जिथून फिरतो तिथून पाणी गळू नये म्हणून ग्रीस माखलेला काळा दोर ठासून भरतात, ते काम त्यांनी जन्मभर केलेलं. डॉक्टरच्या हाती या डिकीत कधी थेंब गेला नव्हता, दाराचं रबरही शाबूत होतं, पण विचारतो कोण? गाडी घरी आली त्याच दिवशी मिस्त्रींनी मागच्या दाराच्या रबराखालच्या खाचेत तो काळा दोर चहूबाजूंनी फिरवून ठासला, आणि दार दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की आता ही गाडी उजनीच्या धरणात बुडवली तरी आत थेंब जायचा नाही.

त्याच दिवसापासून गाडीच्या टपातला दिवा विझेना.

दारं लावा, किल्ली काढा, थापट मारा, दिवा आपला चालूच. सकाळी बॅटरी बसलेली, आणि गल्लीतली माणसं हातातला चहा तसाच टाकून धक्का मारायला. झुंबरनं उठवलं, की ताईबाई रुसून गाडीत झोपतात, म्हणून मिस्त्री रात्रभर दिवा ठेवतात. ही बातमी ताईबाईंच्या कानावर यायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी झुंबरला नळावर गाठलं आणि चार बायांच्या देखत विचारलं, "झुंबर, मी रुसले तर गाडीत मी झोपंन, का ह्यांना झोपवीन?" घागर अर्धी भरलेली असतानाच झुंबर घरी गेला.

इंदापूर रस्त्यावरच्या गॅरेजातला अमजद दोनदा येऊन दिवा बदलून गेला. दिवा बदलला की नवा दिवा जळत राहायचा, एवढाच फरक. तो मागच्या दाराकडं वाकून बघायला लागला की मिस्त्री करवादायचे, दाराला हात लावायचा नाही, ते काम माझं आहे. अमजदचा बाप मिस्त्रींच्याच हाताखाली पाना धरायला शिकलेला. पोरगं बिचारं हत्यारं गोळा करून निघून जायचं.

आता आळ.

मिस्त्रींची बहीण जयवंता शेळगावात दिलेली. तिची लेक साक्षी हिचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात. लग्न बौद्ध पद्धतीचं, तर नवरीची पांढरी साडी मामानं द्यायची, असं दोन्ही घरांत ठरलेलं. ताईबाईंनी बारामतीच्या पेठेत सारा दिवस घालवून ती निवडली. बगळ्याच्या पंखासारखी पांढरी, काठाला बारीक चंदेरी रेघ. दुकानदारानं सतरा साड्या उलगडल्या, ताईबाईंनी अठरावी मागितली. घरी येऊन तीनदा उलगडून पाहिली, जुन्या मऊ धोतरात गुंडाळली आणि पिशवीत घातली. नणंदेला म्हणून घाण्यावरचं करडईचं तेलही बाटलीत भरून घेतलं, बुचावर फडकं आवळलं आणि बाटली त्याच पिशवीत उभी ठेवली. पिशवी डिकीत गेली, आणि दोघं शेळगावला निघाली.

सणसर ओलांडलं आणि मिस्त्रींचं लक्ष गाडीवरच्या धुळीकडं गेलं. बहिणीच्या दारात पहिल्यांदा गाडी न्यायची आणि ती अशी धुळीनं माखलेली? कालव्याकडेला एका शेतात मोटर चालू होती, जाड पाइपातून पाणी धो धो पडत होतं. मिस्त्रींनी गाडी बांधावरून उतरवली आणि बैलाला घालावी तशी तिला आंघोळ घातली. सगळ्यात जास्त धार मागच्या दारावर. ताईबाई बाभळीखाली उभ्या राहून म्हणत होत्या, की आत पिशवी आहे. मिस्त्री म्हणत होते, की पॅकिंग कुणी भरलंय?

शेळगावात ओट्यावर बाया जमल्या होत्या. जयवंतानं पिशवी उघडली, धोतर सोडलं, साडी उलगडली. मधोमध तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग.

मग जयवंता बोलली, आणि ती हळू बोलली हेच जास्त लागलं. "वैनी, तेल आणायचं तर हातात आणायचं. पोरीची साडी आन् तेलाची बाटली एका पिशवीत ठिवत्यात व्हय?"

ताईबाईंनी बाटली वर धरली. फडकं कोरडं, तेल गळ्याशी. बायांनी बाटली हातोहात फिरवली आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकीला ती थोडी कमी भरलेली दिसली. ताईबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. "माझी डिकी गळत न्हाय," ते म्हणाले. "पॅकिंग मी स्वतः भरलंय."

झालं. चुलीतला विस्तव पदरात बांधून आणावा तसं ते वाक्य ताईबाईंनी घरापर्यंत आणलं. शेळगावपासून जळोचीपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत; आणि ताईबाई बोलत नाहीत हे बघून मिस्त्रींनी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गाडी टाकली.

पुढचा घाव दोन दिवसांनी. मामानं दुसरी साडी घेतली, ब्लाऊजही शिवायला टाकला. पण जयवंताचा निरोप आला, की साडी बुद्धभूषण आणील. हा तिचा धाकटा, बारामतीच्या कॉलेजात शिकणारा. म्हणजे मामाच्या दारात थोरली गाडी उभी, आणि साडी येणार एस्टीनं, पोराच्या पिशवीतून. का, तर मामीच्या हाताचा भरवसा नाही. हे शेळगावात कळलं ते जळोचीत कळलं. झुंबरनं तेवढी काळजी घेतली. ज्या बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्याचं चिमूटभर पीठ ठेवून घेतलं नाही, तिच्या हातात भाचीची साडी द्यायला लोक कचरायला लागले. ताईबाईंना घास गोड लागेना.

त्या उठल्या आणि अमजदच्या आईकडं गेल्या. चाँदबी त्यांची वालचंदनगरच्या चाळीतली जुनी शेजारीण. एकमेकींच्या पोरांना दोघींनी मारलेलं, इतकी जवळीक. चाँदबीनं सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी मिस्त्रींना शिव्या घातल्या आणि मग दिव्याचं विचारलं. दिवा कधीपासून जळतो? ताईबाई म्हणाल्या, दोर भरल्यापासून. चाँदबीनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"ताईबाय, आमच्या फ्रिजचं दार नीट लागलं न्हाय की फटीतनं दिवा दिसतो. दार लागलं की इझतो. तुमच्या गाडीला बी दार उघडंच वाटत आसंल."

दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करायला गाडी अमजदच्या गॅरेजात आली. गाडी लावून मिस्त्री समोरच्या हॉटेलात पेपर वाचायला बसले, आणि मागच्या बाजूनं दोघी बायका हजर. ताईबाईंनी पांढरं धोतर आणलं होतं, तेच, धुऊन वाळवलेलं. पदर खोचला, डिकीत चढून मांडी घातली, धोतर मांडीवर पसरलं आणि अमजदला म्हणाल्या, की दार लाव आणि वरनं पाणी सोड.

अमजद कासावीस. मावशी, डिकीत माणसं बसवत नाहीत, म्हणाला.

"मंग साडी बशीवत्यात?"

अमजदनं दार लावलं. खट्ट असा एकच आवाज झाला. दुसरा व्हायला हवा होता, तो झाला नाही. बाहेर चाँदबीनं पोराच्या हातातला पाइप ओढून घेतला.

आत ताईबाई बसल्या होत्या आणि टपातला दिवा जळत होता. सगळ्यांनी ज्याला शिव्या घातल्या त्याच दिव्याच्या उजेडात त्यांना लख्ख दिसलं. दाराच्या वरच्या कडेला बोटभर फट. फटीतून दोर फुगून बाहेर आलेला, पाणी पिऊन गलेलठ्ठ. मग त्या दोरावरून काळं पाणी ओघळलं, कडेनं घरंगळत आलं, ताईबाईंच्या डोक्यावर एक थेंब, खांद्यावर एक, आणि पुढचे सगळे मांडीवरच्या धोतरावर. काळपट, तेलकट. तळहाताएवढा डाग झाला तेव्हा ताईबाईंनी आतून काचेवर टकटक केलं.

नेमके त्याच वेळी मिस्त्री पेपर काखेत मारून आले. बघतात तर चाँदबी गाडीला पाणी घालतेय, अमजद भिंतीला टेकून डोळे मिटून उभा, आणि डिकीच्या काचेआड आपली बायको.

दार उघडलं. ताईबाई उतरल्या, धोतर दोन्ही हातांनी पसरून धरलं. मिस्त्रींनी डाग पाहिला, वास घेतला. तो वास त्यांना पुरता ओळखीचा होता. पण जन्मभर पंप सांभाळलेला माणूस असा सहज मानतो होय?

"थोडं टिपकायला पायजेच," ते म्हणाले. "पॅकिंग अगदी कोरडं ठिवलं तर दांडा जळतो."

"आन् डिकीत कुठला दांडा फिरतो?"

चाँदबी इतकी हसली की पाण्याची धार मिस्त्रींच्या पेपरवर गेली. अमजदनं मात्र तेवढ्यात डाव साधला. स्क्रू-ड्रायव्हर घातला, दोराचं टोक धरलं आणि विहिरीतून कासरा ओढावा तसा तो काळा दोर ओढून काढला. रबर जागेवर बसवलं, दार लावलं. खट्ट, खट्ट. दिवा विझला.

ताईबाईंनी विझलेल्या दिव्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोक्यावरचा काळा ओघळही पुसला नाही. पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शेळगावला चला."

उद्या जाऊ, म्हणाले मिस्त्री. निदान तोंड तरी धू, म्हणाले. ताईबाई समोरच्या रस्त्याकडं बघत राहिल्या. गाडी निघाली.

शेळगावात पुन्हा तोच ओटा, त्याच बाया. अशा बाया कुठं लांब गेलेल्या नसतात. ताईबाईंनी धोतर ओट्यावर पसरलं, शेजारी दोराचं भेंडोळं टाकलं आणि बाजूला झाल्या. बोलायचं कुणी हे त्यांनी वाटेतच सांगून ठेवलं असावं.

मिस्त्री आधी मिशीशी खेळले. मग दोराचा माल हलका निघाला, असं काहीतरी पुटपुटले. ताईबाई खाकरल्या.

"जयवंते," मिस्त्री म्हणाले, "डाग तेलाचा न्हाय. माझ्या दोराचा हाय. हिची बाटली चोख हुती. त्या दिशी मला समजलं न्हाय, आन् आज समजलं तरी तोंडातनं निघंना."

जयवंतानं दोराला बोट लावलं, बोट काळं झालं. तिनं ते भावाच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं, अगदी मधोमध. ओट्यावरच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मग ती भावजयीजवळ आली, तिच्या कपाळावरचा काळा ओघळ पदरानं पुसला आणि म्हणाली, "साडी तुमीच आणा, वैनी. पोराला मी न्हाय पाठवत."

"आणीन की," ताईबाई म्हणाल्या. राग गेला होता असं समजू नका. त्याला जरा बसायला जागा मिळाली होती एवढंच. "मांडीवर घिऊन आणीन. पण एस्टीनं."

आणि तशीच आणली. लग्नाच्या आदल्या दिवशी बारामतीच्या स्टँडवरून ताईबाईंनी खिडकीची जागा धरली, साडीची पिशवी मांडीवर. मागून मिस्त्रींची इस्टेट, डिकी कोरडी ठणठणीत आणि रिकामी, एस्टीची सगळी धूळ खात. सणसरच्या पुढं कालव्याकडेची ती मोटर त्या दिवशीही चालू होती. गाडी जरा हळू झाली. ताईबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून मागं बघितलं, तशी ती गुमान पुढं निघाली.