रफिकचाचांचा कापूस अन् पोटातली नळी

मंडळी, आज सकाळी पांढरकवड्यात आमच्या लॅबमध्ये रफिकचाचा आले. चाचा कापसाचे व्यापारी. तीन महिन्यांपासून पोट दुखते, वजन उतरलं. डॉक्टरांनी तोंडातून नळी टाकून पोट तपासायला सांगितलं, तर हे खायचा सोडा पिऊन राह्यले.

मोबाइलवरची बातमी माझ्यासमोर धरून म्हणाले, "बेटी, नळी कायले? कॅन्सरच्या पेशी रक्तात बारीक बारीक पिशव्या सोडतात म्हणे. रक्त घे अन् त्या शोध."

बातमी खोटी नव्हती. त्या पिशव्यांवरून पोटाचा कॅन्सर लवकर ओळखण्यावर संशोधन सुरू आहे, अन् एक दिवस ते जमेल असं मलेही वाटते. पण ती तपासणी आज आमच्याकडे नाही, अन् दुखणारं पोट आतून पाहावंच लागते. हे सांगितलं, तरी चाचा ऐकेनात.

मग मी विचारलं, "चाचा, गाडीतला वरचा कापूस कोरडा दिसला की लगेच भाव देता?"

"छे! कोपरापर्यंत हात घालतो. ओला माल आतच राह्यते."

"मग डॉक्टरले काहून आत पाहू देत नाही?"

चाचांनी खिशातली सोड्याची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "नळीले उपाशीपोटीच जा लागते ना?"

तुमच्या घरात वरचा कापूस पाहून खूश असलेलं कोण आहे?