सहा पोती विष आणि खिल्लारेभाऊ

खिल्लारेभाऊंना खोटं बोलता यायचं नाही. तत्त्वबित्त्व काही नव्हतं हो, जमायचंच नाही, जसं मला शिट्टी वाजवायला जमत नाही. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वारंगा फाट्यावर. तोंडाला ओला पंचा बांधून हा माणूस सहा पोत्यांवर पहारा देत उभा, आणि आमच्या एसटीला हात करतोय! बाया "अगं बाई, दरोडेखोर!" म्हणून पदराखाली डोरली लपवू लागल्या. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "पोत्यांत काय हाय?" आता 'कोंडा' म्हणाला असता तर पोती टपावर चढली असती. हा म्हणतो, "इख." कंडक्टरनं अशी घंटी ओढली की ड्रायव्हरनं आखाडा बाळापूरपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या आमच्या शाळेत गेले तर तोच माणूस! तोच पंचा, तीच पोती. बैलगाडीनं आला होता. हेडमास्तर म्हणाले, "हे आपले नवे प्रयोगशाळा सहायक." मी मराठीची बाई; माझा वर्ग प्रयोगशाळेला लागून. कपाळच माझं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाऊ मूळचे आमच्याच गावच्या भीमनगरातले, पण आधी बारा वर्षं एका दूरच्या पोलाद भट्टीच्या प्रयोगशाळेत होते. भंगार वितळलं की धूर उठतो, धूर थंडावला की तपकिरी भुकटी पडते. भंगारात जस्ताचे पत्रे असतात, ते जस्त धुरात जातं. पण सोबत शिसं आणि कॅडमियम हे दोन खुनी भाऊबंदही जातात. कारखाना ही भुकटी फेकून द्यायचा. ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगून भाऊंनी सहा पोती पळवून आणली, कारण आमच्या काळ्या रानात जस्ताची कमी. संकरित ज्वारीची कोवळी पानं पांढरीफटक पडत होती. "तिथं जास्ती झालंय ते इख, हितं कमी पडलंय ती दवा," भाऊ म्हणायचे. "निस्तं बराबर धुवून घ्यायचं, बाई."

धुण्यासाठी त्यांना भांडी हवीत. माझी लोणच्याची चिनी मातीची बरणी मी एकदा दाखवायला म्हणून दिली, ती ॲसिडात गेली ती गेलीच. वर मला म्हणाले, "आता हिच्यात लोणचं घालायचं न्हाई हं." जसं काही मी घालणार होते!

मग घडू नये ते घडलं. एक पोतं उंदरांनी कुरतडलं. शिपायाच्या बायकोनं ती मऊसूत भुकटी पाहिली आणि मूठभर नेऊन तांब्याची घागर घासली. घागर अशी लखलखली की दुपारपर्यंत तीन गल्ल्यांतल्या बाया वाट्या घेऊन शाळेमागं रांगेत! राख ती राख, चुलीची काय अन् भट्टीची काय. भाऊंना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चुलीची राख चाळून त्यांनी टोपली भरली आणि दारोदार सुटले. "माय, ती परत द्या, ही घ्या! त्यात शिसं हाय!" बायांना वाटलं मेला चिक्कू आहे, त्यांनी वाट्या कणगीमागं दडवल्या. भीमनगरातल्या या माणसाला ज्या घरांनी कधी अंगणात बोलावलं नव्हतं, त्यांच्या उंबऱ्याशी उभा राहून हा धुवून द्यायला घागरीही मागत होता. एका आजीनं तर दम भरला, "ए बाबा, काहून लेकरावाणी रडून राहिलास?" रडतच होते हो ते. शेवटी आजीनंच काठी आपटून साऱ्या वाट्या बाहेर काढायला लावल्या, आणि भाऊंनी संध्याकाळपर्यंत विहिरीपासून लांब बसून एकेक घागर स्वतः धुतली.

हेडमास्तर भडकले. "पोळ्याच्या आत ही घाण ओढ्यात फेका, नाही तर तुम्ही शाळेबाहेर!"

"सर, नोकरी घ्या," भाऊ म्हणाले, "पण ओढ्यात न्हाई. कुठंबी फेका, तिथं कुणाचं तरी लेकरू ऱ्हातंयच."

पाटील आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांची ज्वारी पांढरी पडली होती आणि त्यांना गंमत बघायची होती. ते म्हणाले, "माझ्या रानात फवारा. पानं हिरवी झाली तर नोकरी ऱ्हाईल, पोती ठेवायला मळ्यातली खोलीबी देतो. न्हाई झाली तर पोती उचला अन् गाव सोडा." झालं! गावानं कामधंदा सोडला. भाऊंनी भुकटी ॲसिडात भिजवली, गाळली, आटवली, आणि जस्ताच्या क्षाराचे साखरेसारखे पांढरे खडे काढले. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

फवारणीच्या सकाळी अख्खं गाव पाटलांच्या रानात. इकडं भाऊंनी शेवटची तपासणी म्हणून खड्यांच्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा एक गॅस सोडला. माझ्या वर्गात करुण कविता चाललेली, आणि चाळीस पोरं नाक धरून एकमेकांकडं बोट दाखवतायत! मी तणतणत प्रयोगशाळेत गेले. भाऊ परीक्षानळीकडं बघत बसले होते. तळाशी हळदीसारखं पिवळं.

"कॅडमियम," ते म्हणाले.

हेडमास्तरही आले होते. त्यांनी दार लोटलं. "खिल्लारे, फवारून टाका. पानं तर हिरवी होतील ना? पिवळं कुणाला दिसतंय?"

"सर, पान कणसाला देईल, कणीस भाकरीला देईल. भाकरी कुणाला दिसत न्हाई व्हय?"

रानात जाऊन दोनशे माणसांसमोर त्यांनी सांगितलं, "आज न्हाई. माल कच्चा हाय, इख राहून गेलं." काय हशा पिकला! पोळ्याला तेरा दिवस उरले होते. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाटील हसले नाहीत. "मंग काय पायजे आता?"

"चोख जस्ताचे तुकडे. पाण्यात टाकले की कॅडमियम त्यांना येऊन चिकटतंय. बॅटरीचे जुने सेल असतील तर..."

अहो, पुढचे दोन दिवस बाळापुरात जत्रा! बॅटरीशिवाय रात्री रानात कोण जातो? घरोघरी मेलेल्या सेलांचे ढीग निघाले. उत्साहाच्या भरात लोकांनी चालू रेडिओतलेही उपसून आणले, आणि बातम्यांच्या वेळेला सारं गाव मुकं. मी स्वतः कात्रीनं सेलांची जस्ताची टरफलं कापली, बोटाला दोनदा लागलं. भाऊंनी पुन्हा गॅस सोडला. पोरांनी पुन्हा नाकं धरली. नळीतलं पाणी नितळ! भाऊ असे नाचले की पंचा स्टुलाला अडकून धाडकन आपटले, आणि पडल्या पडल्याच हसत राहिले. दुसऱ्या सकाळी पाटलांच्या रानात फवारणी झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलांनी ज्वारीचं एक ताट उपटून शाळेत आणलं. कोवळी पानं हिरवीगार. हेडमास्तरांनी ती उलटीपालटी करून पाहिली, पांढरा पट्टा काही सापडला नाही.

दिवाळीपर्यंत सहाही पोती संपली. उरलेला शिशा-कॅडमियमचा गाळ सिमेंटात घट्ट बसवून भाऊंनी सडकेच्या वळणावर लावायचे दगड पाडले. हेडमास्तरांनी त्यांना नोकरीत कायम केलं, आणि त्याच दिवशी या गृहस्थानं राजीनामा दिला! माझा संताप संताप झाला. पिशवी भरत होते, तिथं जाऊन मी कडाडले, "डोकं फिरलंय का तुमचं? एवढा जीव काढून नोकरी वाचवली ती सोडायला?"

"बाई, हितं सहाच पोती व्हती. तिथं भट्टीमागं भुकटीचा डोंगर हाय. डोंगराखाली मजुरांची वस्ती, वस्तीत इहीर. आतापावतर वाटायचं इलाजच न्हाई, मंग बोलून काय करावं? आता इलाज हाय म्हणून कळलं. आता हितंच बसून राहिलो, तर ते पाणी मीच पाजल्यावाणी व्हईल."

मी खाली बसले आणि त्यांचा पंचा घडी करून पिशवीत घातला.