दोघांच्या गादीचा कापूस

मापकाकांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते साबणाच्या वडीमुळे. मी शिकवायचे त्या शाळेसमोर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. मी उशा भरून घ्यायला गेले होते आणि माझ्याआधी एक गिऱ्हाईक बाई हुज्जत घालत उभ्या होत्या. मुलं मोठी झाली म्हणून त्यांना एका मोठ्या गादीच्या दोन लहान गाद्या करून हव्या होत्या. कापूस तोच, जाडी तीच, मग कापड जादा कसलं, हा त्यांचा सवाल. काकांनी आवाज चढवला नाही. मोरीतून साबणाची वडी आणली, तिच्याभोवती कागद गुंडाळून दाखवला, मग कागद काढून दोऱ्याने वडीचे मधोमध दोन तुकडे केले. कापलेल्या जागी उघड्या पडलेल्या दोन बाजूंवर त्यांनी बोट ठेवलं.

"या आधी नव्हत्या. आता यांनाही पांघरूण लागणार."

मशीनवर खोळ शिवत बसलेल्या त्यांच्या बायकोने मानही वर केली नाही. "अहो, साबण तेवढा जागेवर ठेवा. तुमचं गिऱ्हाईक पटतं आणि माझी आंघोळ राहते."

बाई हसल्या आणि जादा पट्ट्यांचे पैसे देऊन गेल्या. पृष्ठफळ शिकवताना ती वडी मी पुढे कितीतरी वर्षं वर्गात नेली.

मापकाका हे नाव आमच्या शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. गळ्यात सदा टेप, आणि समोर माणूस आला की आधी त्याची उंची डोळ्यांनी मोजायची सवय. बोलायचं खातं काकीकडे. गिऱ्हाइकाची विचारपूस, घासाघीस, मला हाक मारून बसवून घेणं, सगळं तीच करायची. ती आजारी पडली आणि महिन्याभरात गेली, तेव्हा दुकानातून आवाजच काढून नेल्यासारखं झालं. मी गेले की काका एकाच उशीला दोनदा टेप लावत. मी आणखी थोडं थांबावं म्हणून, हे मला कळायचं. सकाळी एकदा भात टाकायचा आणि तोच रात्री खायचा. एकदा आपणहून म्हणाले की मोठ्या गादीवर ते अजून आपल्याच बाजूला झोपतात. त्यांची बाजू दबून खड्डा झाला होता. दुसरी तशीच फुगलेली होती.

लग्न झालेल्या मुलीने तिच्याकडे कायमचं राहायला बोलवावं, याची ते वर्षभर वाट पाहत होते. तिने बोलावलं तेव्हा मात्र "बघू" म्हणत राहिले. तिचं घर दोन खोल्यांचं. नातीचा पलंग दोन मजली, त्याचा खालचा मजला आजोबांना. शेवटी काका जाऊन माप घेऊन आले. रुंदी त्यांच्या गादीच्या बरोबर निम्मी होती. त्यांनी मोठी गादी उसवली, कापूस पुन्हा पिंजला, नवी खोळ शिवली.

निघायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेले, तर टेम्पोत ती गादी. अरुंद आणि भलतीच उंच. सगळाच्या सगळा कापूस त्यांनी तिच्यात भरला होता. कापूस तेवढाच ठेवून रुंदी निम्मी केली की जाडी दुप्पट होणार, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. उंच नाही का झाली, एवढंच मी विचारलं.

"बसेल दबून," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला असं उत्तर त्यांनी जन्मात दिलं नसतं.

पुढचं मला मुलीनेच सांगितलं. काका पलंगावर बसले की डोकं वरच्या फळीला लागायचं. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आपले आडवेच राहा." सगळे हसले, तेही हसले. आठवडाभर ते मान वाकवून बसले, मग खाली फरशीवर बसू लागले. जावयाने विकतची गादी आणायचं म्हणून पाहिलं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, अर्धा कापूस काढून टाका ना. तुमचा तर रोजचा धंदा आहे."

काकांनी गादीवरून हात फिरवला.

"कोणता अर्धा?" त्यांनी विचारलं.

पिंजताना दोन्ही बाजूंचा कापूस एक झाला होता. आता त्यातून काकीचा कोणता, आपला कोणता, हे त्यांना निवडता येत नव्हतं. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. दोन दिवसांनी काकांनी स्वतःच टेम्पो बोलावला. तिने अडवून पाहिलं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून, गादी घेऊन परत आले.

सध्या ते दुकानामागच्या खोलीत एकटेच राहतात. रविवारी मुलीकडे जेवायला जातात आणि संध्याकाळच्या बसने परत येतात.