राखून ठेवलेलं पिल्लू

मुळातच मी संशयी. भाजीवालीने फुकट कोथिंबीर घातली तरी मी पिशवीत हात घालून खालचे टमाटर दाबून बघते. त्यामुळे गोंदियातला एक राईस मिलवाला शेठ आमच्या गेममध्ये पैसे लावायचं बघतो म्हणाला, तेव्हा आनंद राहिला बाजूला, माझी झोपच उडाली.

आम्ही म्हणजे मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. ती नागऱ्याची, मी दवनीवाड्याची. ती चित्रं काढायची, मी कोड लिहायचे. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दोन वर्षं बसून आम्ही मोबाइलवरचा एक गेम केला होता. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सारसाची जोडी, तिचं घरटं, आणि कुत्र्यांपासून, पुरापासून अंडं वाचवायचं. शेवटच्या टप्प्यात अंडं फुटतं आणि पिल्लू आईबापामागे धडपडत चालायला लागतं. ते चालणं काढायला मैत्रिणीला सहा महिने लागले होते. पुण्या-बंगळुरूच्या पैसे लावणाऱ्यांनी गोड बोलून आम्हाला वाटेला लावलं होतं. शेठही नाही म्हणाला, तर खोली सोडायची आणि मैत्रिणीने पुण्यातली नोकरी धरायची, हे ठरलेलं होतं.

शेठने एकच मागितलं. "पूरा खेल मेरे फोन में डाल दो. आठ दिन देखूँगा, फिर बताऊँगा."

पूरा? कायले पाहिजे पूरा? बाकीच्यांनी दहा मिनिटंही बघितलं नव्हतं. वर, पुतण्या नागपुरात कम्प्युटर इंजिनिअर आहे, हेही त्यानेच हसत सांगितलं. पुतण्याकडून गेम उतरवून घेतला तर? माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ओळख ना पाळख, मंग एवढे पैसे काऊन देऊन राहिला तो?" आमच्याकडे मळणी झाली की सगळ्यात भरलेलं धान बाबा आधी बियाण्यासाठी बाजूला काढतात. व्यापारी दारात आला तरी ते त्याच्या नजरेस पडू देत नाहीत. "बियाणं कोनाले दाखवाचं नाही," एवढंच म्हणून ते उठले.

मी तेच केलं. शेवटचा टप्पा काढला आणि अंड्यापाशीच संपणारा गेम शेठच्या फोनमध्ये टाकला. त्याने विचारलं, "पूरा है ना?" मी म्हटलं, "पूरा है." मैत्रिणीला काही सांगितलं नाही. ती भोळी, बोलून बसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगू? तिच्यावरही माझा भरवसा नव्हता. नोकरी तिच्या हातात होती ना.

आठ दिवसांनी आम्ही मिलच्या ऑफिसात गेलो. टेबलावर कोंड्याची धूळ आणि लोखंडी परखी. ती पोत्याच्या पोटात खुपसून शेठ मधलं धान बाहेर काढतो. नुसतं वरचं बघून त्याने कधी सौदा केलेला नाही.

"बहुत अच्छा है," शेठ म्हणाला. "मेरी नातिन तो छोड़ती नहीं. पर बच्चा कब निकलता है?"

"निकलता है ना, सेठजी! आखिर में..." मैत्रिणीने उत्साहाने त्याचा फोन घेतला. अंडं आलं आणि पडदा काळा झाला. तिने पुन्हा लावून बघितलं. मग माझ्याकडे वळली. "काय केलं वं तू?"

आता खोटं कुठवर ओढणार? मी सगळं सांगून टाकलं. पुतण्यासकट.

शेठ आधी हसला. "चालीस साल से लोग अच्छा माल ऊपर रखके खराब नीचे छुपाते आए. अच्छा माल छुपानेवाली तू पहली मिली, बेटी." मग हसू गेलं. "खेल में तो पैसा लगा देता. पर साथ में तेरे को भी लेना पड़ता ना."

मैत्रिणीने पूर्ण गेम असलेला आपला फोन पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

परतताना ती स्कूटी चालवत होती, मी मागे. तिने एकदाच विचारलं, "त्याच्यापासून लपवलं ते ठीक. माझ्यापासून कायले?" महिनाअखेर ती पुण्याला गेली.

मिलमधून परतले त्या संध्याकाळी बाबा बांधावर उभे होते. मला लांबून बघून त्यांनी काळजीने विचारलं, "चोरलं त नाही ना त्यानं काही?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "सगळं आपल्याचपाशी आहे."