गुणवंतीकाकी कोड न टाकता आत शिरल्या

गुणवंतीकाकींना थांबणं म्हणून जमत नाही. भात शिजायच्या आधी झाकण उघडतील, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी उत्तर देतील. पालीपासून आत गेलं की त्यांचं गाव. तिथे सगळे त्यांना वचकून असतात, आणि गंमत बघायला जमतातही.

यंदा शिमग्याला त्यांचा जीव एका गोष्टीत अडकला होता. मुलगा विनीत मुंबईहून येणार होता, पण शनिवारी येऊन रविवारी परत. देवीची पालखी घरोघर फिरते, आणि आपल्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ती खांद्यावर घेऊन नाचवणं त्याला कित्येक वर्षांत साधलं नव्हतं. नेमकी यंदाच गावाला सुधारणेची हुक्की आली. देवस्थानचे अध्यक्ष रघूभाऊजी. त्यांच्या मुलाने, गौरवने, पालखीचे दिवस नोंदवायला वेबसाइट बनवली. आधी नोंदवेल त्याला हवा तो दिवस. मोबाइल नंबर टाकायचा, फोनवर कोड येतो, तो चौकटीत भरायचा, की आत.

काकींच्या घरात वायफाय आहे, पण मोबाइलला रेंज नाही. कोडसाठी सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, चढायचं. वर मेसेज येतो, पण नेट चालत नाही; कोड मिळवून धापा टाकत खाली यावं, तर त्याची मुदत संपलेली! या चढउतारात शनिवार भरला आणि काकींच्या वाट्याला सोमवार आला.

"भाऊजी, माझा दिवस बदला."

"वैनी, आता सगळा कंप्युटर ठरवतो. माझ्या हातात काय नाय." भाऊजींचं स्वतःचं घर मात्र शनिवारी संध्याकाळी.

काकी तणतणत घरी आल्या आणि फोन घेऊन बसल्या. पुन्हा सडा कोण चढतंय? कोड मागवलाच नाही. नंबर टाकला, चौकट रिकामी ठेवली आणि रागाने बटण दाबलं.

साइटने आत घेतलं.

काकी चमकल्या. भाऊजींचा नंबर तर गावातल्या प्रत्येक बॅनरवर. तो टाकला, चौकट रिकामी, बटण. 'नमस्कार, अध्यक्ष!'

शनिवार आता बोटाखाली होता. पण देवीला चोरून दारात आणायची, याची काकींना लाज वाटली. भाऊजींना चिमटा काढायची मुळीच वाटली नाही. त्यांचं घर उचलून पार शेवटच्या दिवशी नेऊन टाकलं आणि काकींनी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. भाऊजी लालबुंद. गौरव म्हणाला, "परदेशातून हल्ला झालाय."

"परदेशी माणसाला बरं अध्यक्षांचंच घर सापडलं!" मागून कोणीतरी खुसखुसलं.

"परदेश कसला? मी केलंय," काकी उठल्या. "इकडे आण तो फोन." त्यांनी सगळ्यांसमोर गौरवचाच नंबर टाकला, चौकट रिकामी ठेवली, आणि गौरवच्या नावाने आत शिरल्या.

गौरवने कपाळाला हात लावला. "लॉगिनचं प्लगिन, म्हणजे कोड तपासणारा भाग, मी तयारच उचलून जोडलं, काकी. कोड मागवलाच नाय तर त्याच्याकडे कोड रिकामा, तुमची चौकटही रिकामी. दोन्ही जुळलं म्हणून आत सोडतंय."

"म्हणजे कुलूप लावलंस, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला या बसा म्हणालास! अख्ख्या गावाचे नंबर-पत्ते आहेत रे त्यात. आधी बंद कर." त्याने तिथल्या तिथे बंद केलं.

भाऊजी अजून धुमसत होते. "शिरलात तर शिरलात. मग शनिवार स्वतःलाच का नाय घेतलात?"

"घेणारच होते. देवी काय म्हणेल, असं मनात आलं. तुमची पर्वा नव्हती."

देऊळ हसलं. भाऊजींनाही हसू फुटलं.

"विनीतसाठी ना? घ्या शनिवार. मना तर तुम्ही शेवटी धाडलाच आहात, तिथेच ऱ्हातो."

शनिवारी ढोल घुमवत पालखी काकींच्या खळ्यात आली. विनीतने खांदा दिला, दोन गिरक्या घेतल्या आणि धापा टाकायला लागला.

"ऑफिसात बसून बसून काय झालाय हा!" काकी ओरडल्या. "भाऊजी, बघताय काय? हात लावा!"

भाऊजी चपला काढून आधीच पुढे आले होते.